समपातळीची रेघ

माळावर जमलेल्या पंधरा-वीस जणांपैकी कुणाकडेही कागद नव्हता. दोन सरळ काठ्या टोकाशी बांधलेल्या, मध्यावर एक आडवी दांडी, शेंड्यातून सोडलेली सुतळी आणि सुतळीला अडकवलेला मुठीएवढा दगड. एवढ्या सामानावर माण तालुक्यातल्या त्या टेकडीचा नकाशा निघणार होता. या हत्याराला ‘ए फ्रेम’ म्हणतात. भूगोलाच्या तासाला आपण समोच्च रेषा म्हणून ज्या पाठ केल्या, त्या इथे पायाखालच्या मुरमावर पांढऱ्या फक्कीने उमटतात. गावची माणसं ‘कंटूर मारायचा’ एवढंच म्हणतात.

पहिलं काम हत्यार तपासण्याचं. दोन खुंट्यांवर फ्रेमचे दोन पाय ठेवायचे. सुतळी आडव्या दांडीला जिथे टेकते तिथे कोळशाने खूण करायची. मग फ्रेम उलटी फिरवायची, डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डावीवर. आता सुतळी दुसरीकडे टेकते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी. सुतळी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका उंचीवर आले, मग काठ्या थोड्या लहानमोठ्या असल्या तरी बिघडत नाही. वारा असला की दगड झुलत राहतो, आणि तो ठरेपर्यंत उन्हात उभं राहण्याचा धीर लागतो. घाईने ‘आली, आली’ म्हणणाऱ्याला तिथल्या बायका लगेच अडवतात, “आवो दाजी, दगूड थांबू द्या की.”

खूण पक्की झाली की चालणं सुरू. एक पाय रोवून ठेवायचा, दुसरा वर-खाली सरकवत सुतळी मधल्या खुणेवर आणायची, पाय टेकला तिथे फक्कीची चिमूट टाकायची. मग पुढच्या पायावर फ्रेम गरकन फिरवायची, म्हणजे मागचा पाय पुढे येतो. या फिरवण्यात मोठं शहाणपण आहे. फ्रेममध्ये थोडा दोष राहिलाच असेल, तर एका पावलाला तो रेघ वर नेतो आणि पुढच्या पावलाला तेवढीच खाली आणतो. त्याऐवजी फ्रेम उचलून जशीच्या तशी पुढे ठेवत गेलं, तर दोष प्रत्येक पावलाला एकाच बाजूला साठत जातो. पावलाला एक सेंटिमीटर धरला, तरी शंभर पावलांत रेघ मीटरभर घसरते. त्या रेघेवर पाणी अडवायला काढलेला दोन फूट खोल चर एका टोकाला कोरडा राहील आणि दुसऱ्या टोकाला फुटेल. फुटलेला चर खालच्या चरावर जातो, तो त्याच्या खालच्यावर. दोन महिन्यांचं श्रमदान पहिल्याच वळवात वाहून जाऊ शकतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘वाटा आणि दिशा’ असा कळवला, तेव्हा नकाशे शिकणाऱ्या आणि काढणाऱ्या माणसांवर लिहायचं मी ठरवलं आणि त्यासाठी सातारा-सांगली निवडली. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून गाडीने अडीच-तीन तासांवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. आटपाडीत टँकरची वाट बघणारी माणसं आणि सांगलीत पहिल्या मजल्यावरून होडीत उतरणारी माणसं एकाच जिल्ह्यात राहतात. उंची आणि उतार समजणं इथे पोटाशी आणि जिवाशी निगडित आहे. म्हणून हे शिकणं शाळेच्या वर्गातून बाहेर पडून बांधावर कसं पोचलं, ते इथे नीट दिसतं.

रांगोळीचं गाव

ए फ्रेमच्या आधी गावाचा नकाशा निघतो तो देवळापुढच्या अंगणात. शिवारफेरी करून आलेली माणसं शेणाने सारवलेल्या जागेवर रांगोळीने रस्ता ओढतात, ओढ्याला निळा रंग भरतात, विहिरींना खडे ठेवतात, झाडांना पाला. पाणलोटाच्या कामात ही रीत बरीच वर्षं आहे, पण अजूनही काही ठिकाणी ती उरकून टाकली जाते आणि मला ते बरोबर वाटत नाही. मी पाहिलेल्या अंगणात पुरुषांनी आधी एसटीचा थांबा, ग्रामपंचायत आणि सोसायटी काढली. बायकांनी खडा उचलून आधी हातपंप ठेवला, मग उन्हाळ्यातही न आटणारा डोंगराकडचा झरा, मग सरपणाची वाट. त्या झऱ्यापाशी दोन्ही नकाशे जुळेनात. पुरुषांच्या रांगोळीत तो नव्हताच. एका म्हाताऱ्या आजींनी काठी टेकून त्याची जागा दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर सगळ्यांत आधी त्याच घळीकडे माणसं गेली.

रांगोळीच्या नकाशाला प्रमाण नसतं. त्यावरून अंतर मोजता येत नाही, उतारही कळत नाही. पण गावाला काय काय माहीत आहे, ते सगळ्यांच्या देखत एका जागी मांडलं जातं, आणि खोटं मांडलं तर तिथल्या तिथे पुसलं जातं.

कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचं नाव या सगळ्यात वारंवार निघतं. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये सत्यमेव जयते वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिच्यात तीनच तालुके होते: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. ११६ गावं उतरली आणि पहिला आला तो वेळू. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, स्पर्धा ७५ तालुक्यांत पसरली होती आणि पहिला क्रमांक माणमधल्या टाकेवाडीने घेतला. बक्षिसांच्या रकमा वर्तमानपत्रांत खूप गाजल्या. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती स्पर्धेआधीच्या प्रशिक्षणाची. गावातून पाच-सहा जण निवडून यायचे, त्यांत बायकाही असायच्या, आणि चार दिवसांत उतार मोजणं, समपातळी रेषा आखणं, चराचं घनमाप काढणं शिकून परत जायचे. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ हे या शिकवण्याच्या मुळाशी होते. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं आज पन्नाशीत आहेत आणि पुढच्यांना शिकवत आहेत. २०१९ नंतर ती स्पर्धा झाली नाही, तरी ए फ्रेम बांधता येणारे हात गावोगाव उरले.

सातारा दोन कागदांवर

कागदावरचा नकाशा हाती आल्यावर मात्र याच माणसांची पंचाईत होते. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे १७६७ पासून चालत आलेलं सर्व्हे ऑफ इंडिया, देशाचे टोपोशीट काढतो. नेहमीच्या वापरातलं प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हा जमिनीवरचा एक किलोमीटर. सातारकरांना यात एक खास अडचण आहे. ७४ अंश पूर्व रेखावृत्त सातारा शहरातूनच जातं, आणि जुन्या पद्धतीत पत्रकांची मालिका तिथेच बदलते. रेषेच्या पश्चिमेचं शहर ‘४७ जी’मध्ये, पूर्वेचं ‘४७ के’मध्ये. एका गावातल्या दोन पेठांसाठी दोन कागद शेजारी जोडावे लागतात. सांगलीला हा त्रास नाही, ती सबंध ‘४७ एल’मध्ये बसते.

हे कागद पूर्वी सहजी मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी खुली मालिका वेगळी केली, २०१७ मध्ये ती संगणकावरून फुकट उतरवून घेण्याची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नियम आणखी सैल केले. कागद मोकळा झाला, तरी तो वाचणारे डोळे तयार करण्याचं काम पुष्कळ बाकी आहे.

टोपोशीटवर तपकिरी रेघा दिसतात त्या समोच्च रेषा. आमच्या डोंगराळ भागात दोन रेघांमध्ये साधारण २० मीटरचं अंतर असतं. रेघा दाटीने आल्या की कडा, विरळ झाल्या की माळ. त्यांचं टोक चढाकडे वळलं तर ती घळ, उताराकडे वळलं तर डोंगराची सोंड. एवढी चार वाक्यं ज्याच्या अंगात मुरली, त्याला कागद बघून पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल ते सांगता येतं. पण २० मीटर म्हणजे सहा मजल्यांची उंची. तेवढ्या फरकात एखादं शेत, त्याच्या वरचा ओघळ आणि खालची विहीर सगळं नाहीसं होतं. एक हेक्टर जमीन या कागदावर दोन मिलिमीटरचा चौकोन असते. म्हणून टोपोशीट वाचता आलं तरी गावाला स्वतःची रेघ स्वतः मारावीच लागते. कागदावरची २० मीटरची रेघ आणि मुरमावरची फक्कीची रेघ एकाच जातीच्या आहेत, हे एकदा समजलं की शिकणारा माणूस दोन्हींमध्ये ये-जा करू लागतो.

ही ये-जा सातारा जिल्ह्यात आणखी एका वाटेने आलेली आहे, ती फौजेच्या. इथल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान गेले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. फौजेत नकाशावाचनाच्या परीक्षा असतात, त्यामुळे निवृत्त होऊन आलेल्या कित्येक हवालदार-सुभेदारांना होकायंत्र आणि सहा आकडी ग्रिड पाठ असतं. चार आकड्यांत किलोमीटरचा चौकोन सापडतो, सहा आकड्यांत शंभर मीटरची जागा. या माणसांचं ज्ञान गावाने वापरलं पाहिजे असं मला फार वाटतं. पेन्शन आणि शेती यांतच ते मुरून जातं, एवढं ते हलकं नाही.

अजिंक्यताऱ्यावरचा तास

साताऱ्यातल्या एका शाळेचे भूगोलाचे सर सातवीच्या मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर चढले, त्या दिवशी मी सोबत होतो. सातवीत समोच्च रेषा असतात, आठवीत नकाशाप्रमाण. सरांचं म्हणणं, हे दोन्ही धडे फळ्यावर शिकवले तर मुलांना गुण मिळतात आणि नकाशा कायमचा दुरावतो.

तटावर पोचल्यावर त्यांनी मुलांना नकाशा उघडायला सांगितला आणि सावलीत बसू दिलं नाही. आधी खुणा शोधायच्या. पूर्वेला जरंडेश्वर, पश्चिमेच्या अंगाला यवतेश्वर, नैर्ऋत्येला सज्जनगड, खाली शहर आणि शहरापलीकडे माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. कागदावर जरंडेश्वर सापडला की कागद हातात फिरवायचा, तो खऱ्या जरंडेश्वराकडे तोंड करेपर्यंत. बहुतेक मुलं कागद सरळ धरून स्वतःच फिरत होती, कारण अक्षरं उलटी झालेली त्यांना सहन होईनात. नकाशा वाचताना अक्षरं उलटी दिसली तरी चालतात, डोंगर उलटा चालत नाही, हे पटवायला सरांना वेळ लागला. एका मुलीने मात्र लगेच कागद उलटा केला आणि आपल्या घराकडे जाणारा रस्ता बोटाने वर, आपल्यापासून लांब, ओढून दाखवला. उत्तर दिशा कागदाच्या वरच्या बाजूला असते आणि आकाशात नसते, हे एवढ्या एका कृतीने तिच्या शेजारच्या पाच जणांना कळलं.

उतरल्यावर बटाटे निघाले. अर्धा कापलेला मोठा बटाटा पालथा ठेवून सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या कापायच्या. मग सगळ्यांत खालची चकती कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची कड गिरवायची, मग तिच्यावरची, तिच्या आत, मूळ जागेवर. जिकडे बटाट्याचा उतार उभा, तिकडे पेन्सिलीच्या रेघा एकमेकींना खेटल्या. एका मुलाच्या बटाट्याला बाजूने खोल खाच होती. त्याच्या कागदावर सगळ्या रेघा त्या खाचेपाशी आत वळल्या आणि तो ओरडला, “सर, ही घळ झाली!” गाईडमधली व्याख्या पाठ करून हा शोध लागत नाही.

तिसरीच्या परिसर अभ्यासात प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र पुस्तक असतं, त्यात जिल्ह्याचा नकाशा असतो. मुलं तालुके रंगवतात. पण आपली वाडी त्यात नाही, ती कुठे येईल, हे विचारणारा गुरुजी भेटणं नशिबाचा भाग असतो. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी वर्ग पावलांनी मोजून वहीत काढायचा, मग शाळा, मग घर ते शाळा, आणि मग तालुका.

मोजणी आली

नकाशा वाचता न आल्याची किंमत माणूस सगळ्यांत जास्त मोजतो ती बांधावर. तासगावकडे द्राक्षबागांच्या पट्ट्यात एका हद्दकायम मोजणीला मी हजर होतो. दोन्ही बाजूंचे भाऊबंद, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं, पोलीस पाटील, आणि मध्ये भूकरमापक. लोक त्यांना मोजणीदारच म्हणतात, बोलताना ‘भाऊसाहेब’. त्यांच्या खांद्यावरच्या दांड्याला वर तबकडी होती. हा रोव्हर. उपग्रहांचे संकेत आणि जमिनीवरच्या कायम केंद्राकडून आलेली दुरुस्ती मिळून तो दोन-चार सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. एका आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आता मशीन आलंय म्हणजे बांध खरा निघणार ना?”

याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. रोव्हर सांगतो, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात. हद्द कुठे आहे ते सांगतं टिपण. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची मोजणी झाली, तेव्हा शंकू आणि साखळी घेऊन माणसं शेताशेतातून फिरली. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६, आणि त्यांना म्हणायचे आणे. शेताच्या पोटातून एक सरळ रेषा धरायची, शंकूवरून काटकोन पाहायचा आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत आडवं माप घ्यायचं. ही सगळी मापं कच्च्या आकृतीवर लिहिली ते टिपण. ते प्रमाणात काढलेलं नसतं, त्यामुळे नुसतं बघणाऱ्याला वेडंवाकडं वाटतं. खरा नकाशा त्यातल्या आकड्यांत असतो. ज्याला आकडे वाचता येतात, तो दीडशे वर्षांपूर्वीचं शेत आज पुन्हा जमिनीवर उभं करू शकतो. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आपण गुंठा-एकर रोज तोंडाने घेतो, पण त्यांच्यामागची साखळी विसरून गेलो आहोत.

पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या, फाळणीचे नकाशे निघाले, १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गट पडले. प्रत्येक टप्प्याला कागद बदलला, पण बांध तसाच राहिला, किंवा कोरला गेला. त्यामुळे मोजणीदाराला आधी जुन्या टिपणातली एखादी न हललेली खूण शोधावी लागते: हद्दीचा दगड, तिकाटणं, जुनी विहीर. तिच्यावरून कागद जमिनीवर बसवायचा. खूण चुकली तर रोव्हर अचूकपणे चुकीची हद्द दाखवेल. त्या दिवशी अर्धा वेळ एका घाणेरीच्या जाळीत दगड शोधण्यात गेला, आणि तो सापडला तेव्हा दोन्हीकडची माणसं एकत्र वाकून माती बाजूला करत होती.

मोजणीनंतर हातात येते ती ‘क’ प्रत. ती घडी घालून कपाटात जाते किंवा थेट वकिलाकडे. ती उलगडून वाचली पाहिजे. उत्तर दिशा कोणती, प्रमाण काय, शेजारचे गट क्रमांक बरोबर आहेत का, अभिलेखातली हद्द कोणत्या रेषेने दाखवली आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट कोणत्या. या दोन रेषांमधली जागा हाच वाद असतो, आणि ती किती गुंठे भरते हे दहावीच्या मुलाला पट्टी घेऊन काढता येतं. तासगावच्या त्या बांधावर एका कॉलेजकुमाराने ते भूकरमापकांसमोर काढलं. आकडा बाराशे चौरस फुटांच्या आत आला. इतक्या वर्षांचं वैर गुंठ्याभरावर होतं, हे दोन्ही घरांना त्या आकड्यानं पहिल्यांदा कळलं.

गावठाणात आता ड्रोन आले आहेत. स्वामित्व योजना २०२० मध्ये जाहीर झाली. तिचा आधीचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. ड्रोन उडायच्या आधी घरोघर मिळकतीच्या कडेने फक्की टाकतात, म्हणजे वरून हद्द दिसते. तेव्हा घरात कोण आहे आणि रेघ कुणी कुठून मारली, याला फार महत्त्व येतं. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाच्या वाट्याची रेघ इथला भाऊ मारतो. छायाचित्रात जे पांढरं दिसेल, तेच पुढे मिळकत पत्रिकेत उतरण्याच्या वाटेला लागतं. नकाशा काढण्याचा सगळ्यांत निर्णायक क्षण त्या चिमूटभर फक्कीचा आहे, हे गावात दवंडी पिटून सांगायला हवं.

कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

खानापूर-आटपाडीकडे जाताना टेंभू योजनेचा कालवा डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत जातो. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि मग ते गुरुत्वाने पुढे जातं. पाण्याला चालतं ठेवायला अगदी थोडा उतार हवा, म्हणून कालवा जवळजवळ समपातळी रेषेनेच न्यावा लागतो. डोंगराने सोंड पुढे काढली की कालवाही पुढे येतो, घळ आली की आत शिरतो. टोपोशीटवरची तपकिरी रेघ इथे सिमेंटची होऊन वाहताना दिसते.

त्या रेघेने माणसांचं नशीब दुभंगलं. कालव्याच्या खालची जमीन ओलिताची, वरची जिराईत. सख्ख्या भावांच्या वाटणीत कालवा आला, तर एकाकडे ऊस आणि दुसऱ्याकडे बाजरी. “आमचं रान किती मीटरला येतं वो?” हा प्रश्न मी या पट्ट्यात चहाच्या टपरीवर ऐकला आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची चहाबरोबर विचारली जाते, अशी जागा राज्यात फार नसेल. आटपाडीत डॉ. भारत पाटणकर आणि पाण्यासाठीच्या चळवळीतल्या माणसांनी समन्यायी वाटपाचा आग्रह धरला आणि बंद नळातून पाणी देण्याची कल्पना पुढे रेटली. दाबाखालच्या नळातलं पाणी रेघेला बांधलेलं राहत नाही, ते वरच्या रानातही चढतं. पण कुणाला वगळलं आहे हे आधी नकाशावर दाखवता आलं, म्हणून ते मागता आलं. लाभक्षेत्राचा नकाशा वाचणारे शेतकरी तिथे तयार झाले, आणि कचेरीत ‘साहेब, ही रेघ इथून का गेली’ असं बोट ठेवून विचारू लागले.

आयर्विनचा आकडा

सांगलीत समपातळीची रेघ शोधावी लागत नाही. नदी ती घरांच्या भिंतींवर चिखलाने काढून जाते. गावभागात, सूर्यवंशी प्लॉटला, मगरमच्छ कॉलनीत २०१९ च्या पुराची खूण कुठे होती ते कुणीही हात वर करून दाखवतं. शेजारी २००५ ची, आणि २०२१ ची. एका गल्लीतल्या सगळ्या खुणा डोळ्यांनी जोडल्या तर ती आडवी रेघ सरळ जाते, रस्ता मात्र तिच्याखाली वर-खाली होतो. नदी वाहती असल्याने पाण्याच्या पातळीला लांब अंतरावर उतार असतो, पण एका वॉर्डापुरता तो विसरला तरी चालतो.

पावसाळ्यात सांगली नदीवरच्या आयर्विन पुलाच्या आकड्यावर जगते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो वाचायचा कसा ते थोड्यांना कळतं. ४५ फूट म्हणजे तुमच्या दारात ४५ फूट पाणी नव्हे. ती पुलाच्या पट्टीवरची पातळी. तुमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं हा दुसरा आकडा, आणि तो प्रत्येक घराचा वेगळा. ज्याच्या उंबऱ्याचा आकडा ४८, त्याने ५१ चा अंदाज ऐकला की घरात तीन फूट पाणी येणार हे लगेच समजावं आणि फ्रीज, धान्य, कागद तीन फुटांच्या वर न्यावेत किंवा घर सोडावं. हा हिशेब कळायला इंजिनिअर लागत नाही. पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशांवर निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ते नकाशे बांधकाम परवान्याच्या वेळी निघतात. घर भाड्याने घेताना कुणी ते बघत नाही, आणि पूरग्रस्तांत भाडेकरू मोठ्या संख्येने असतात.

नदीकाठच्या एका शाळेत नववीच्या मुलांनी यंदा आपल्या तीन गल्ल्यांच्या उंबऱ्यांचे आकडे काढायला घेतले आहेत. हत्यार गवंड्याचं: पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. माणमध्ये तिला दोन पट्ट्या बांधून हायड्रोमार्कर करतात, इथे गवंडी घराचा पाया सपाट करायला रोज वापरतात. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतं, मग मध्ये भिंत असो की कोपरा. शिकवायला एका मुलाचे वडील आले होते, गवंडीकाम करणारे. “आत बुडबुडा ऱ्हायला तर सगळं खोटं,” त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, आणि नळीला टिचक्या मारून आतली हवा काढायला लावली. टोकावर अंगठा घट्ट दाबून ठेवायचा आणि वाचतानाच सोडायचा, नाहीतर पाणी सांडतं आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते.

सुरुवातीची खूण म्हणून एका दुकानाच्या खांबावरची २०१९ ची चिखलरेघ धरली. ती त्या पुरातल्या सर्वांत वरच्या पातळीची. तिथून नळी उंबऱ्या-उंबऱ्याने पुढे न्यायची, फरक वहीत लिहायचा. गल्ली संपली तरी काम संपत नाही. दुसऱ्या बाजूने उंबरे मोजत पुन्हा त्याच खांबापाशी यायचं. सगळे फरक बेरीज-वजाबाकी करून शून्य यायला हवेत. मुलांचे आले चार सेंटिमीटर. बाई म्हणाल्या, एवढी चूक सगळ्या टप्प्यांत थोडी थोडी वाटून टाकायची रीत आहे, सर्व्हेवालेही तसंच करतात. दोघी मुलींनी वही परत मागितली. त्यांच्या मते चूक सगळीकडे नव्हती, किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर होती, जिथे रिक्षा आल्यामुळे नळी उचलावी लागली होती. तेवढाच टप्पा पुन्हा मोजला. फरक सव्वातीन सेंटिमीटरने कमी झाला, आणि उरलेला पाऊण सेंटिमीटर बाईंनी सांगितल्याप्रमाणे वाटून घेऊन त्यांनी तिसऱ्या गल्लीचं पान उघडलं.